चढ पायांना कळतो

कल्याणहून कसाऱ्याकडे लोकल नेताना चढ डोळ्यांना दिसत नाही. आसनगाव मागे पडतं, आटगाव, खर्डी येतं आणि गाडी किंचित जड लागते, एवढंच. कसाऱ्याला लोकलची हद्द संपते. पुढे थळघाट आहे, सदतिसाला एक असा चढ, म्हणजे 37 फूट पुढे सरकलं की एक फूट वर. नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांना तिथे मागून जादा इंजिनं लावतात. आम्ही त्यांना बँकर म्हणतो. कल्याणहूनच फुटणाऱ्या दुसऱ्या फाट्यावर कर्जतच्या पुढे भोरघाट, तिथेही चढ तोच. मोटरमन म्हणून माझी नोकरी या दोन फाट्यांवर गेली. निवृत्तीनंतर लांब पळायची सवय लावून घेतली, तेव्हा कल्याणच्या भोवतालची जमीन पायांना कळायला लागली.

आणि एक गोष्ट लख्ख समजली. रविवारी पहाटे आम्ही ठाणे-कल्याणची मंडळी ज्या रस्त्यांवर पळतो, ते बहुतेक कोणा इंजिनियरने शोधलेले नाहीत. डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्यांनी, बैल हाकणाऱ्यांनी आणि निरोप घेऊन धावणाऱ्यांनी ते पाडले. इंजिनियर त्यांच्या मागून आले.

कल्याणची जागाच तशी आहे. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत खाली येते. ईशान्येकडून काळू आणि भातसा तिला मिळतात. हे सगळं पाणी कल्याणपाशी खाडीला लागतं. वर सह्याद्री, खाली भरतीचं पाणी आणि मधे हाताच्या बोटांसारखी पसरलेली खोरी. पाण्याच्या कडेकडेने गेलं की चढ हळूहळू येतो, दम एकदम जात नाही, आणि तहान लागली तर नदी शेजारीच असते. सामान वाहणाऱ्याला आणखी काय हवं?

म्हणूनच हे बंदर इतकं जुनं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणचा उल्लेख आहे. पूर्वी इथे रीतसर व्यापार चाले, पुढे राजकारण फिरलं आणि ग्रीक गलबतं इथे आली तर पहाऱ्यात भडोचला नेली जात, असं तो लिहितो. कल्याणच्या दानशूर माणसांची नावं कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत, जुन्नरच्या लेण्यांतही आहेत. कान्हेरी आमच्या ठाण्याच्या येऊरच्या डोंगरापलीकडे. येऊरला पहाटे पळायला येणारे शेकडो आहेत. रस्ता वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना साग-ऐन, मधेमधे आदिवासी पाडे. हे सगळं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं अंग, बिबट्यांचं घर. तिथे काळोखात एकट्याने जाऊ नये आणि वनखात्याच्या वेळा पाळाव्यात, हे मी नव्या पोरांना दर वेळी बजावतो. जुन्नर मात्र घाटमाथ्यावर. मग कल्याणची माणसं तिकडे जात कशी?

त्याचं उत्तर मुरबाड रोडवर आहे. माझा सगळ्यात लाडका रस्ता हाच.

शहाडचा पूल ओलांडला की म्हारळ, वरप, कांबा. शेजारी उल्हासची सोबत. रायत्याला नदी ओलांडायची. पावसाळ्यात हा पूल पाण्याखाली जातो आणि मुरबाडकरांचा कल्याणशी संबंध तुटतो. पुढे गोवेली, मामणोली आणि मग मुरबाड, कल्याणपासून तीसेक किलोमीटर. पळताना या टप्प्यात एक गंमत जाणवते. चढ आहे, पण कुठेही छातीवर येत नाही. एक टेकाड संपतं, रस्ता थोडा खाली उतरतो, ओढा लागतो, पुन्हा थोडं वर. दम लागायच्या आत उतार मिळतो. लादलेल्या बैलाला आणि माणसाला जे मानवेल, तेच या रस्त्याने धरलं आहे.

मुरबाडनंतर सरळगाव, टोकावडे, वैशाखरे. समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि तिच्यातून नानाचा अंगठा आकाशात घुसलेला दिसतो. तिथे डांबर सोडायचं आणि रानात शिरायचं. पळणं इथे थांबतं, चढणं सुरू होतं. करवंदीच्या जाळ्या, वाटेत खोदलेली पाण्याची टाकी, मधूनच शाबूत राहिलेली दगडी फरसबंदी. शेवटी दोन कड्यांमधली अरुंद नळी, आणि तिच्या तोंडाशी नाणेघाटाचं लेणं.

या लेण्यात मी प्रत्येक वेळी बराच वेळ बसतो. तीन बाजूंना बसायला कट्टा कोरलेला आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख. यज्ञ केले, गाई दिल्या, घोडे दिले, कार्षापणं दिली, असा दानांचा मोठा हिशेब आहे. त्यात आलेले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांपैकी आहेत. एकोणिसाव्या शतकात साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाची नोंद केली, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यावर काम केलं. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, वर प्रत्येकाचं नाव. मूर्ती गेल्या. उरली आहेत त्यांची पावलं. आपण साठेक किलोमीटरचा रस्ता पायांनी मोजून वर यावं आणि राजघराण्याचीही पावलंच तेवढी शिल्लक दिसावीत, याने माझं मन दर वेळी हलतं.

माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असं सगळे सांगतात. खरं असो नसो, या वाटेवर जकात घ्यावी एवढी वर्दळ होती हे नक्की. शेजारी जीवधन किल्ला पहाऱ्याला. खालून मीठ वर जायचं, वरून धान्य खाली यायचं. वंजाऱ्यांचे तांडे शतकानुशतकं याच वाटेने गेले. वैशाखऱ्याच्या म्हाताऱ्या माणसांशी बोललं की ते सांगतात, “आमचं जुन्नर काय, घाट चढलं की झालं.” माथ्यावरच्या घाटघरला त्यांच्या सोयरिकी आहेत. त्यांच्या लेखी हा ट्रेक नव्हता, बाजाराची वाट होती.

ओझ्याचं झालं. पळणाऱ्यांचं काय? शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण घेतलं आणि दुर्गाडीच्या खाडीत आरमाराची सुरुवात झाली. पुढे पेशवाईत कल्याण सुभ्याचं ठाणं झालं. सुभेदार रामजी महादेव बिवलकरांचं नाव कल्याणात अजून घेतलं जातं. एवढा कारभार पुणे-कल्याणमध्ये चालायचा तो जासूद आणि कासिदांच्या पायांवर. इंग्रजांनी डाक बसवली तेव्हा तीही पायांवरच. हरकाऱ्याच्या खांद्यावर थैली, हातात घुंगरं लावलेला भाला. घुंगरांचा आवाज ऐकून पुढच्या चौकीचा माणूस तयार व्हायचा. एकेकाचा टप्पा साधारण सहा-आठ मैलांचा. त्या हिशेबाने कल्याण-मुरबाड म्हणजे तिघांचं काम. आजचे धावक आठ-दहा किलोमीटरला ‘छान लाँग रन’ म्हणतात. हरकाऱ्याचा तो रोजचा कामाचा पल्ला होता, तोही थैली घेऊन, पावसात, रात्रीबेरात्री.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, 1 मे 1854 ला ती कल्याणला पोहोचली. तिथून तिने दोन बोटं धरली. एक फाटा उल्हासच्या काठाने कर्जतला, दुसरा काळू-भातसा ओलांडत कसाऱ्याला. 1863 मध्ये भोरघाट खुला झाला, 1865 मध्ये गाडी इगतपुरीला गेली. हे काम करणाऱ्या इंजिनियर बर्कलींच्या हुशारीविषयी मला आदर आहे, त्यांनी आखलेल्या मार्गावर माझी भाकरी चालली. पण खोऱ्यातून नेलेली ती ओळ पाहिली की वाटतं, ही ओळ बैलांच्या खुरांनी आधीच काढून ठेवलेली होती. नाणेघाटाचा व्यापार मात्र रेल्वेने ओढून नेला. तिसरं बोट, मुरबाडचं, तसंच राहिलं, आणि म्हणून आज तिथे पळायला मोकळं रान मिळतं.

खेळ म्हणून पळणं फार उशिरा आलं, आणि तेही याच पायांतून. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना पाहिली, आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे धावक गेले. बेळगावच्या फडेप्पा चौगुलेंनी तिथे मॅरेथॉन पुरी केली, एकोणिसावे आले. आमच्या सह्याद्रीच्याच दुसऱ्या अंगाला, त्र्यंबकेश्वरच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक घेऊन आली. डोंगरातल्या वाटांवर वाढलेली पोर. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये मुरबाड-शहापूरची काटक मुलं पळताना दिसली की मला आधी त्यांच्या गावच्या वाटा दिसतात.

आता रस्त्यांना नदीची गरज उरलेली नाही. कल्याणच्या गांधारी पुलावरून बापगावमार्गे लोनाडला आम्ही पळायला जातो; शिलाहारकाळचं शिवमंदिर आणि टेकडीतली लेणी बघून परत. त्याच पट्ट्यात आमणेला समृद्धी महामार्ग येऊन टेकला, त्याचा हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 पासून सुरू झाला. इगतपुरीजवळ तो जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाटाखालून पार होतो. गाड्यांसाठी उत्तम आहे, माझं काहीच म्हणणं नाही. चालणाऱ्याला मात्र तिथे जागाच नाही.

मुरबाड रोडवर अवजड वाहनं वाढत चालली आहेत. मुरबाडला रेल्वे नेण्याचीही बरीच वर्षं चर्चा आहे, आणि ती यावी, मला मनापासून हवी आहे. पण रस्ता रुंद करताना आणि रूळ टाकताना कडेला मातीची एक पट्टी राखावी, रायत्याच्या पुलावर पायी माणसाला कठडा असलेली वेगळी वाट द्यावी, आणि वैशाखऱ्यापासून माथ्यापर्यंतची जुनी फरसबंदी सिमेंटने न लिंपता आहे तशी दुरुस्त करावी. रविवारी आमच्यासारखे धावक तिथून जातीलच. गोवेलीच्या शाळेला चालत जाणाऱ्या मुली आणि डोक्यावर भाजीची पाटी घेऊन मुरबाडच्या बाजाराला निघालेल्या ठाकर बाया मात्र आठवड्याचे सातही दिवस त्याच कडेने चालतात, आणि आज ट्रक आला की त्यांना गटारात उतरावं लागतं.