जिची पावती फाडली गेली नाही

मुंबई बेटावरच्या एखाद्या जुन्या चाळीतल्या खोलीच्या भाड्याच्या पावत्या तारखेच्या ओळीने लावल्या, तर बऱ्याच गोष्टी नेमक्या कळतात. इमारतीचे नाव, खोलीचा क्रमांक, महिना, भाडे, त्यावर चढलेला कर आणि शेवटी मालकाची किंवा त्याच्या मेहताजीची सही. वर्षे सरतात, कागद बदलतो, पण भाड्याचा मूळ आकडा फारसा हलत नाही. मधेच एका महिन्यात भाडेकरूचे नाव बदलते आणि आकडा तोच राहतो. नाव बदलले त्या महिन्यात पैशांचा मोठा व्यवहार झाला असण्याची शक्यता असते. त्या रकमेला मुंबई पागडी म्हणते, आणि तिच्याबद्दल पावतीत चकार शब्द नसतो.

कागद टाळूनच होणाऱ्या व्यवहाराचा इतिहास कशाच्या आधारे लिहायचा? माझ्या मते पहिला साक्षीदार कायदाच आहे. लोक जे करतच नाहीत, त्याची मनाई करण्याच्या फंदात विधिमंडळ सहसा पडत नाही. मात्र ही साक्ष तपासून घ्यावी लागते.

1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा, म्हणजे त्या वर्षाचा 57 वा अधिनियम, 13 फेब्रुवारी 1948 रोजी अमलात आला. त्यातले 26 वे कलम मालकाला मिळालेल्या रकमेची लेखी पावती द्यायला लावते. त्याच कायद्याचे 18 वे कलम सांगते की, भाडेपट्टा देण्यासाठी, त्याचे नूतनीकरण करण्यासाठी किंवा तो चालू ठेवण्यासाठी मालकाने प्रमाण भाड्यापलीकडे, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या भाड्यापलीकडे, काही रक्कम घेतली तर तो गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, शिवाय दंड. आणि दंड घेतलेल्या रकमेहून कमी नसावा. ही दोन कलमे शेजारी ठेवली की पावत्यांमधल्या त्या रिकाम्या जागेचा उलगडा होतो. भाड्याची पावती न देणे गुन्हा होता, आणि पागडीची पावती देणे म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच लिहून देणे होते. तेव्हा पागडीचा कागद हरवला किंवा वाळवीने खाल्ला असे मानण्याचे कारण नाही. तो बहुधा लिहिलाच गेला नाही.

पण 18 वे कलम आहे, म्हणून 1947 साली मुंबईत पागडी बोकाळली होती असा निष्कर्ष लगेच काढता येईल का? इथे थांबायला हवे. कायद्याचे मसुदे जुन्या कायद्यांवरून बेततात. पहिल्या महायुद्धात ग्लासगोच्या भाडेकरूंनी भाडे देण्याचे नाकारले, आणि 1915 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने भाडेवाढीवर निर्बंध आणले. भाडेपट्ट्यासाठी वेगळी रक्कम मागायला त्या कायद्यातही बंदी होती. मुंबईचे पहिले भाडे कायदे 1918 चे. त्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे त्यांच्या नावातही ‘युद्धकालीन निर्बंध’ हे शब्द आहेत, त्यामुळे नमुना कुठला होता याविषयी फारशी शंका उरत नाही. म्हणजे 18 व्या कलमाचा साचा विलायती असू शकतो. त्यातून इथल्या रिवाजाची शक्यता सूचित होते. त्याचा प्रसार सिद्ध होत नाही.

खरा दुवा पुढच्या, 19 व्या कलमात आहे. ते भाडेकरूला उद्देशून आहे: खोलीवरचा हक्क सोडण्यासाठी भाडेकरूने कोणताही मोबदला मागू अगर घेऊ नये. 1915 च्या कायद्याचा रोख भाडेपट्टा देणाऱ्यावर होता. बाहेर पडणाऱ्या भाडेकरूसाठी त्यात असे वेगळे कलम नाही. मुंबईच्या कायद्याला मात्र ते लागले. खोली सोडून जाणारा माणूस पैसे मागू शकतो याचा अर्थ खोलीच्या नुसत्या ताब्याला बाजारात किंमत आली होती. मालक आणि भाडेकरू या दोघांनाही ती किंमत ठाऊक होती, आणि कायदा करणाऱ्यांनाही. हे अजून अनुमानच आहे, पण 18 व्या कलमावर आधारलेल्या अनुमानापेक्षा बरेच भक्कम.

ही किंमत आली कुठून, हे त्याच कायद्यातून दाखवता येते. प्रमाण भाडे म्हणजे 1 सप्टेंबर 1940 रोजीचे भाडे. त्या दिवशी जागा भाड्याने नसेल तर त्याआधीचे शेवटचे, आणि नंतर प्रथमच दिली असेल तर ते पहिले भाडे. ही तारीख 1944 च्या कायद्यातून आली. 1 सप्टेंबर 1940 ला युद्ध सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. महागाई भडकण्याआधीची पातळी पकडावी असा हेतू असावा. शिवाय 12 व्या कलमानुसार भाडेकरू प्रमाण भाडे आणि कायद्याने मान्य केलेली वाढ देत असेल, तर भाडे थकल्याच्या कारणावरून त्याला काढता येत नव्हते. भाडे गोठलेले, भाडेकरू सुरक्षित आणि शहर वाढते. खरे भाडे आणि प्रमाण भाडे यांच्यातली तफावत दर वर्षी रुंदावत गेली आणि ती पागडीच्या रूपाने एकरकमी वसूल होऊ लागली. मालकाच्या संमतीवाचून नव्या माणसाच्या नावाने पावती फाटत नसे, म्हणून मालकालाही वाटा द्यावा लागे. पुढे रूढ झालेला हिशेब सर्वसाधारणपणे एक तृतीयांशाचा सांगतात. पण हा आकडा व्यवहारातल्या लोकांच्या तोंडून येतो आणि त्याची साक्ष तेवढ्यापुरतीच धरावी.

आता पावतीवर बदललेल्या नावाकडे परत जाऊ. प्रत्येक बदललेले नाव पागडीचे नसते. भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळण्याची सोय कायद्यातच होती. आडनाव तेच असेल तर वारसाहक्काची शक्यता अधिक. आडनाव वेगळे असेल तर पागडीची. पण जावई आणि भाचे यांचीही आडनावे वेगळीच असतात. एकट्या पावतीवरून निकाल लावू नये.

1959 चा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. 15 व्या कलमाने 1948 पासून पोटभाडेकरू ठेवायला बंदी होती. 21 मे 1959 रोजी सरकारने वटहुकूम काढला, आणि त्या दिवसापर्यंत ताब्यात असलेल्या पोटभाडेकरूंना संरक्षण दिले. जणू मधल्या अकरा वर्षांत ती बंदी नव्हतीच. सरकार अशी माघार क्वचितच घेते. कायदा मोडणारे थोडे असते तर त्यांना बाहेर काढणे सोपे होते. ते इतके झाले असावेत की त्यांना कायद्यात सामावून घेणेच शक्य उरले. या वटहुकमात पागडीचा उल्लेख नाही. पण परवानगीवाचून खोल्या हातोहात फिरत होत्या, एवढे तो निःसंशय सिद्ध करतो.

नंतरचा साक्षीदार इमारतींच्या भिंतींमध्ये आहे. 1940 च्या भाड्यावर मालक दुरुस्ती करीनासे झाले, आणि 1969 मध्ये राज्याने दुरुस्ती मंडळाचा कायदा करून बेटावरच्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवला. अशा इमारती 19,642 भरल्या. त्यांचे अ, ब आणि क असे तीन वर्ग केले. अ वर्गात 16,502 इमारती आल्या. या वर्गाची सीमा कोणती? 1 सप्टेंबर 1940 पूर्वी बांधलेल्या इमारती. भाडे कायद्यातली तारीख दुरुस्तीच्या कायद्यात पुन्हा भेटते, तेव्हा अभ्यासकाला होणारा आनंद लपवण्यात अर्थ नाही. गोठलेले भाडे आणि खचलेली इमारत यांचा संबंध राज्याने इथे आपल्या हाताने लिहून ठेवला आहे.

दरम्यान मालकांनी दुसरी वाट शोधली होती. भाडेपट्ट्याऐवजी ते ‘लीव्ह अँड लायसन्स’ लिहून घेऊ लागले. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो, लायसन्सने फक्त वापराची परवानगी मिळते. कागदाला नाव काहीही द्या, पक्षांचा खरा हेतू पाहिला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितले होते. महाराष्ट्राने 1973 मध्ये आणखी पुढे जाऊन 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना थेट भाडेकरूच मानले. भाड्याने जागा देणाऱ्याच्या मनात त्यानंतर किती धास्ती बसली असेल, ते कुठल्या दस्तऐवजात शोधायची गरज नाही.

19 डिसेंबर 1997 रोजी मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरल्या आहेत, असे न्यायालय म्हणाले. कायद्याची मुदत 31 मार्च 1998 ला संपणार होती, म्हणून त्या रद्दबातल मात्र केल्या नाहीत. मुदत वाढली आणि अखेर 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू झाला.

या नव्या कायद्याचे 56 वे कलम जुन्या 18 आणि 19 या कलमांशेजारी ठेवून वाचावे. ओळखीचे शब्द भेटतात. भाडेकरूने हक्क सोडण्यासाठी किंवा हस्तांतरासाठी घेतलेला मोबदला. मालकाने भाडेपट्टा देण्यासाठी, त्याच्या नूतनीकरणासाठी किंवा हस्तांतराला संमती देण्यासाठी घेतलेली रक्कम. दोन्ही पक्ष, दोन्ही प्रसंग आणि दोन्हींना एकाच कलमात मान्यता. जे बेकायदेशीर होते ते आता कायदेशीर आहे, एवढाच काय तो फरक. 1947 मध्ये मालक आणि भाडेकरू यांच्यासाठी दोन वेगळी कलमे का लागली, याबद्दल केलेल्या अनुमानाला 52 वर्षांनी विधिमंडळानेच दुजोरा दिला, असे मी समजतो. 55 व्या कलमाने करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले, आणि त्याची जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरायचे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला 1908 चा नोंदणी कायदा लागतो, म्हणून अकरा महिन्यांचा करार करण्याची प्रथा पडली होती. या कलमापुढे ती पळवाट राहिली नाही.

म्हणजे 2000 नंतरच्या पागडीला कागद असू शकतो. त्याआधीच्या रकमा, कोणत्या खोलीला किती, कोणी कोणाला दिल्या, हे दस्तऐवजांतून एकेक करून सांगता येणार नाही. पण उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) नुसार 13 जून 1996 पूर्वीचा भाडेकरू पात्र ठरतो, आणि त्या दिवशी भाडेहक्क कोणाचा होता हे दाखवण्यासाठी लोक भाड्याच्या पावत्या काढतात. ज्याने आयुष्याची कमाई पागडीत घातली, त्याचा खोलीवरचा हक्क जिच्यात ती कमाई नमूद नाही अशा, काही रुपयांच्या पावतीवरून सिद्ध होतो.