‘बॉम्ब’ नावाचे वादळ



शब्दांनाही इतिहास असतो. ‘सायक्लोन’ हा शब्द आपल्या कलकत्त्यात घडला. तेथील सागरी चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष हेन्री पिडिंग्टन यांनी वादळात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिश्या तपासल्या, आणि खलाशांसाठी १८४८ साली लिहिलेल्या पुस्तकात हा शब्द दिला. वेटोळे घातलेला साप, ही त्यामागची कल्पना.

‘बॉम्ब’ हा त्याचा धाकटा भाऊ. १९८० साली फ्रेड सँडर्स व जॉन ग्याकम या अमेरिकेतील अभ्यासकांनी त्याची व्याख्या केली. साठ अक्षांशावर २४ तासांत वादळाच्या केंद्रातील दाब किमान २४ मिलिबार उतरला, तर ते वादळ ‘बॉम्ब’. अक्षांश कमी, तसे मापही कमी. पंचेचाळिसावर सुमारे २० मिलिबार पुरतात. थंड व उबदार हवा भिडते तेथे, बहुधा हिवाळ्यात, गल्फ प्रवाहासारख्या उष्ण प्रवाहाजवळ ही वादळे उठतात.

त्याआधी दोनच वर्षे, सप्टेंबर १९७८ मध्ये, अटलांटिकवर असेच वादळ उठले. त्याचा जोर अंदाजात आलाच नव्हता. ‘क्वीन एलिझाबेथ २’ या आलिशान जहाजाची मोडतोड झाली. ‘कॅप्टन कॉस्मो’ ही मासेमारी नौका नाहीशी झाली. शास्त्रज्ञांत वादळ ओळखले जाते ते मात्र आलिशान जहाजाच्या नावाने! इतिहासात श्रमिकाची नोंद अशी खालच्या ओळीत जाते.

आपली वादळे ‘बॉम्ब’ नव्हेत. ती तापलेल्या समुद्रावर पोसतात, आणि त्यांचे माप वाऱ्याचे. २४ तासांत वेग ३० नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटरने वाढला, की वादळ झपाट्याने बळावले असे म्हणतात. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ असेच बळावले. १७ मे रोजी मुंबईपलीकडील तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा कामगारांचा तराफा नांगर तुटून भरकटला व बुडाला. साठांहून अधिक माणसे गेली.

१९७८ साली अंदाज चुकला होता. २०२१ साली वेधशाळेचे इशारे आधीच निघाले होते. तरी माणसे समुद्रातच राहिली. शास्त्राने आपल्या हाती चोवीस तास दिले आहेत. त्या तासांत काम थांबवून माणसे किनाऱ्याला आणण्याचा हुकूम कोणी द्यायचा, हे प्रत्येक कंत्राटात स्वच्छ लिहिलेले असले पाहिजे. वादळाला नाव देणे विद्वानांचे काम. हे कलम लिहवून घेणे तुमचे-आमचे.