पीएच मीटरची गोष्ट: डबा नाही, काच बघून घ्या



हायड्रोपोनिक्स सुरू करणारे बरेच जण विचारतात, पीएच मीटर कोणता घ्यावा? कंपनीचं नाव सांगितलं की त्यांचं समाधान होतं. पण सहा महिन्यांनी त्याच माणसाचा फोन येतो, "मीटर येडा झालाय, आकडा एका जागी थांबत नाही." म्हणून आज नाव सांगत नाही. हा मीटर जन्माला कसा आला ते सांगतो. ती गोष्ट कळली की कोणता घ्यायचा आणि कसा सांभाळायचा, दोन्ही कळतं.

आंबट की तुरट-खारं, हे ओळखायची सगळ्यात जुनी रीत म्हणजे रंग. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्या घरातल्या म्हातारीलाही माहीत होतं. युरोपात रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६४ साली पुस्तकात लिहून ठेवलं, की जांभळ्या व्हायोलेट फुलांचा पाक आम्ल टाकल्यावर लाल होतो आणि अल्कली टाकल्यावर हिरवा. पुढे लिटमसचा कागद आला. पण रंगाची एक अडचण आहे. तो आंबट आहे एवढं सांगतो, किती आंबट ते नीट सांगत नाही.

ते "किती" आलं १९०९ साली, आणि आलं बिअरच्या कारखान्यातून. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथे सोरेन सोरेनसेन हे रसायन विभागाचे प्रमुख. एन्झाइमचं काम आम्लतेप्रमाणे कमीजास्त होतं, त्यामुळे त्यांना आम्लता नेमकी लिहायची होती. पण आकडे कसे? ०.०००००००१ असले. लिहिताना एक शून्य सुटलं की सगळा हिशेब गेला. त्यांनी ती शून्यांची भानगड मिटवून साधी मोजपट्टी केली, तीच पीएच. ७ म्हणजे मधोमध, खाली आम्ल, वर अल्कली.

इथे एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. या पट्टीवर एक आकडा म्हणजे दहापट. ६ चं ५ झालं तर आम्लता दहापट वाढली, ४ झालं तर शंभरपट. आणि नुसत्या ०.३ चा फरक म्हणजे दुप्पट. "पॉइंट तीनने काय होतंय" असं म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

पट्टी झाली, पण मोजायचं कशाने? सोरेनसेन यांची रीत प्लॅटिनमची तार आणि हायड्रोजन वायू अशी होती. ती शेतावर न्यायची गोष्ट नव्हे.

मग काच आली. १९०६ साली जर्मनीत मॅक्स क्रेमर यांना दिसलं, की पातळ काचेच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या आम्लतेचं पाणी असलं तर काचेच्या आरपार विजेचा दाब तयार होतो. १९०९ साली फ्रिट्झ हाबर आणि क्लेमेन्सिएविच या दोघांनी त्यावरून काचेचा इलेक्ट्रोड केला. हे हाबर म्हणजे तेच, ज्यांनी त्याच वर्षी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. आज आपण टाकतो तो युरिया त्याच अमोनियापासून होतो. म्हणजे युरियाची गोणी आणि पीएच मीटर, दोघांचं मूळ एका घरचं.

पण काचेतून वीज जवळजवळ जातच नाही. २५ अंश तापमानाला एका पीएचमागे दाब तयार होतो सुमारे ५९ मिलिव्होल्ट, आणि त्याच्यामागे ताकद काहीच नाही. समजा विहिरीला झरा आहे, पण थेंब थेंब येणारा. तिच्यावर मोठी मोटर लावली तर विहीर लगेच कोरडी, पाण्याची खरी पातळी कळणारच नाही. त्या काळचे साधे विजेचे मीटर म्हणजे ही मोठी मोटर. म्हणून काच अगदी पातळ करायची, म्हणजे थोडी वीज जास्त येईल. आणि पातळ केली की फुटायची.

हा तिढा सुटला लिंबांमुळे. कॅलिफोर्नियात फळबागायतदारांची मोठी सहकारी संस्था होती, सनकिस्ट नावाने फळं विकणारी. आपल्या सहकारी कारखान्यासारखी शेतकऱ्यांनी उभी केलेली. बाजारात न चालणाऱ्या लिंबांपासून ते सायट्रिक ॲसिड आणि पेक्टिन काढायचे. तिथल्या ग्लेन जोसेफ नावाच्या रसायनतज्ज्ञाला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. पण रस टिकावा म्हणून त्यात सल्फर डायऑक्साइड घातलेला. त्याने लिटमसचा रंग उडायचा, हायड्रोजनचा इलेक्ट्रोड निकामी व्हायचा, आणि काचेचा नाजूक म्हणून फुटायचा. १९३४ साली ते आपले जुने कॉलेजमित्र अर्नोल्ड बेकमन यांच्याकडे गेले. बेकमन कॅलटेकमध्ये रसायनशास्त्र शिकवायचे.

बेकमन यांनी दोन व्हॅक्यूम ट्यूब लावून ॲम्प्लिफायर केला. तो विहिरीतून जवळजवळ थेंबही न उपसता पातळी सांगायचा. त्यामुळे काच जाड, दणकट वापरता आली. काही दिवसांनी जोसेफ परत आले, दुसरं यंत्र द्या म्हणाले, कारण पहिलं बाकीचे लोक सारखे उसने नेत होते. तेव्हा बेकमन यांच्या लक्षात आलं की याला गिऱ्हाईक आहे. १९३५ पासून लाकडी पेटीतला हा मीटर १९५ डॉलरला विकायला लागले, १९३६ साली पेटंट मिळालं.

आता मातीशिवायच्या शेतीकडे या. झाड नुसत्या क्षारांच्या पाण्यावर वाढतं हे जर्मनीत साक्स आणि क्नोप यांनी १८६० च्या सुमारास दाखवलं होतं. पण ते प्रयोगशाळेत. पीक म्हणून घ्यायचा प्रयत्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गेरिक यांनी १९२९ पासून केला, आणि १९३७ साली त्याला हायड्रोपोनिक्स नाव मिळालं. लगेच १९३८ साली त्याच विद्यापीठाच्या होगलंड आणि आर्नन यांनी पुस्तिका काढली. त्यांचं द्रावण आजही जगभर वापरतात. आपल्या देशात १९४६ साली शोल्टो डग्लस यांनी दार्जिलिंग जिल्ह्यात कालिंपाँगला हे काम सुरू केलं. म्हणजे मीटर आणि ही शेती एकाच दशकात, एकाच राज्यात पुढे आली, आणि दोघांचं एकमेकांवाचून भागत नाही.

का भागत नाही? काळी माती म्हणजे मोठं एकत्र कुटुंब. एकाने थोडा खर्च केला तर घर हलत नाही. टाकीतलं पाणी म्हणजे रोजच्या मजुरीवरचं घर. मुळांनी नायट्रेट उचललं की पीएच वर चढतो, अमोनियम उचललं की खाली उतरतो. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असलं तर तो वर ओढतच राहतो. आपल्याला हवा ५.५ ते ६.५. वर गेला की लोह आणि फॉस्फरस झाडाला मिळेनासे होतात, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात.

आणि खरा धोका इथे आहे. मोटर बंद पडली तर कळतं. मीटर बिघडला तर कळत नाही, तो आकडा दाखवतच राहतो. टाकीत ५.८ असताना त्याने ६.८ दाखवलं, तर आपण शहाण्यासारखं ॲसिड टाकतो आणि पाणी ४.८ वर नेतो. औषध बरोबर, हिशेब बरोबर, पीक मात्र मुळापासून गेलं.

आता निवड. बेकमन यांनी सोडवला तो डब्याचा प्रश्न. आज स्वस्त मीटरमध्येही ते इलेक्ट्रॉनिक्स बऱ्यापैकी असतं. काचेचं दुखणं मात्र तसंच आहे. ती झिजते, सुकते, म्हातारी होते. म्हणून स्क्रीन किती मोठी हे बघू नका. इलेक्ट्रोड बदलता येतो का आणि तो मिळतो का, हे आधी विचारा. ४ आणि ७ अशा दोन बफरवर कॅलिब्रेट होतो का? तापमानाची भरपाई आपोआप करतो का? तो ५९ मिलिव्होल्टचा दाब ४० अंशाला ६२ होतो, उन्हाळ्यात टाकी किती तापते ते आपल्याला माहीत आहे. अचूकता ०.१ पुरे. ०.०१ दाखवणारा पण कॅलिब्रेट न केलेला मीटर काही कामाचा नाही.

आता सांभाळणं.

काच ओलीच राहिली पाहिजे. टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं साठवणीचं द्रावण ठेवा. डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात ठेवू नका. इलेक्ट्रोडच्या आत तेच क्षार असतात आणि एका बारीक छिद्रातून ते बाहेर येतात. साधं शुद्ध पाणी ते ओढून घेतं. सुकलाच तर रात्रभर द्रावणात भिजवा आणि पुन्हा कॅलिब्रेट करा.

बल्ब पुसू नका, घासू नका. धुऊन घ्या आणि मऊ कागदाने नुसतं टिपा.

आठवड्याला कॅलिब्रेशन, आधी ७ मग ४. वापरलेला बफर परत बाटलीत ओतायचा नाही. एरवी ॲसिड टाकायच्या आधी ७ च्या बफरमध्ये बुडवून खात्री करा, एक मिनिटाचं काम आहे.

पांढरा थर बसला तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवा, धुवा, मग काही तास साठवणीच्या द्रावणात.

मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर असेल तर ७ आणि ४ च्या बफरमधला फरक बघा. नव्या काचेचा १७७ च्या आसपास असतो. साफ करूनही १५० च्या खाली राहिला तर इलेक्ट्रोड बदला. साधारण वर्ष-दोन वर्षं हेच त्याचं आयुष्य, त्यात दुकानदाराचा दोष नाही.

आणि रंगाची थेंबवाली बाटली घरात ठेवा. तिला दशांश कळत नाही, पण मीटर ६.८ म्हणतोय आणि रंग ५.८ चा येतोय, एवढं ती नक्की सांगते. दोघांचं जुळत नसेल तर ॲसिडच्या कॅनला हात लावू नका, आधी बफर काढा.

नवा इलेक्ट्रोड आणला की त्यावर तारीख लिहून चिकटवा.

जय किसान.