काठियावाडचा संघ : चार हंगामांचे आयुष्य

भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावांची हकिगत मराठी क्रिकेटप्रेमींना तोंडपाठ असते. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी करंडकाचा सामना. काठियावाड सर्वबाद २३८. महाराष्ट्र ४ बाद ८२६. निंबाळकर आणि भांडारकर (२०५) यांची दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी. ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम मोडायला अवघ्या दहा धावा हव्या होत्या. तेवढ्यात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना तिथेच संपला.

आपल्याकडे हकिगतही तिथेच संपते. काठियावाड मैदान सोडून गेलेला संघ, एवढेच लक्षात राहते. पण हा संघ होता तरी कोणता?

त्या द्वीपकल्पाची क्रिकेट परंपरा मोठी. जामनगरच्या नवानगर संघाने १९३६-३७ मध्ये रणजी करंडक जिंकला. वेस्टर्न इंडिया संघाने १९४३-४४ मध्ये. हे संस्थानी आश्रयावर उभे राहिलेले क्रिकेट. वेस्टर्न इंडियाची जागा १९४६-४७ मध्ये 'काठियावाड'ने घेतली. पण नाव रुळण्याआधीच काळ पालटला. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी तिथली दोनशेहून अधिक संस्थाने विलीन होऊन एक राज्य झाले. तेच पुढे सौराष्ट्र. म्हणजे पुण्यात उतरलेल्या कर्णधाराचे राज्य दहा महिन्यांपूर्वीच विलीन झालेले होते. १९४९-५० हा काठियावाड संघाचा शेवटचा हंगाम. पुढच्या वर्षीपासून त्याच्या जागी सौराष्ट्र खेळू लागला.

परभणीकराने हे जरा थांबून वाचावे. त्या डिसेंबरात निजामी राजवट जाऊन आपल्याला जेमतेम तीन महिने झाले होते. जिल्हा अजून हैदराबाद राज्यातच होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. ज्या डावासाठी आपण 'आपला माणूस अडवला' म्हणून हळहळतो, तो खेळला गेला तेव्हा पुणे आणि परभणी वेगवेगळ्या राज्यांत होती. नकाशा बदलला तसा आपल्याला एक संघ मिळाला. त्याच उलथापालथीत काठियावाडने आपले नाव गमावले.

यामुळे ठाकोरसाहेबांचा निर्णय खिलाडूपणाचा ठरत नाही. निंबाळकरांवर अन्याय झालाच. पुढेही त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. मात्र एका दुपारच्या निर्णयावरून साऱ्या प्रदेशाचा निकाल लावू नये. २०२० च्या मार्चमध्ये त्याच राजकोटात सौराष्ट्राने प्रथमच रणजी करंडक उंचावला. निंबाळकरांच्या ४४३ धावा आजही भारतातील प्रथम श्रेणी क्रिकेटमधील सर्वोच्च आहेत. त्या धावफलकावर दुसऱ्या बाजूला काठियावाडचे नाव आहे, तेही इतिहासाने वाचायला हवे.