नदीच्या अलीकडे रूळ, पलीकडे गाव

मोबाईलवर नकाशा उघडा आणि पुणे-मिरज रेल्वेमार्ग जरा मोठा करून बघा. वाठार सोडलं की थेट मिरजेपर्यंत गाडी एकदाही कृष्णा ओलांडत नाही. नदीच्या पूर्वेकडच्या बाजूनं कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, शेणोली, ताकारी, भिलवडी करत ती खाली उतरते. आणि आपली दोन मोठी जुनी गावं, सातारा आणि कऱ्हाड, दोन्ही नदीच्या पश्चिमेला. म्हणजे रूळ अलीकडे, गाव पलीकडे. गेली सव्वाशे-दीडशे वर्षं आपल्या दोन जिल्ह्यांत रेल्वेनं जाणं-येणं म्हणजे काय, ते या एका गोष्टीवरून ठरत आलंय.

वंदे भारतच्या थांब्यांवरून आपल्याकडे एवढं रणकंदन झालं, म्हणून हे लिहावंसं वाटलं. थांबा मिळाला की फटाके वाजतात, श्रेयाचे फ्लेक्स लागतात. स्टेशनवर उतरलेला माणूस पुढे घरी कसा जातो, यावर मात्र एकही फ्लेक्स मी अजून पाहिलेला नाही.

आधी इतिहास. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला, माणसं किड्यामुंगीसारखी मेली. त्यानंतर दुष्काळी भागात धान्य पोचवता यावं आणि माल बंदराकडे नेता यावा, या हिशेबानं सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ मध्ये उभी राहिली. पुण्याहून मिरज, बेळगाव करत लोंढ्यापर्यंतचा मीटरगेज मार्ग १८९० पर्यंत पुरा झाला. कंपनीचा हिशेब मालाचा आणि खर्चाचा होता. साताऱ्याच्या पेठांत किंवा कऱ्हाडच्या घाटावर कोण राहतं याच्याशी तिला काय देणंघेणं? कृष्णेवर पूल बांधून पलीकडे जायचं आणि परत अलीकडे यायचं, एवढा उपद्व्याप कोण करणार! साताऱ्याच्या लोकांसाठी ‘सातारा रोड’ नावाचं स्टेशन झालं, गावापासून दहा मैलांवर, पाडळीजवळ. ‘रोड’ हा शब्द रेल्वेच्या भाषेत फार प्रामाणिक आहे. गाव इथं नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून निघतो, एवढाच त्याचा अर्थ. साहेब लोक महाबळेश्वरला निघाले की वाठारला उतरत आणि वाई-पाचगणीचा घाट चढत. त्यांच्यासाठी टांगे सज्ज असायचे.

सगळ्यांसाठी नसायचे. या दहा मैलांची आणि त्यापुढच्या रस्त्याची सगळ्यात जळजळीत नोंद एका शाळकरी मुलाची आहे. सन १९०१. भीमराव आंबेडकर तेव्हा साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात शिकत होते. ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव तिथल्या पटावर चढलं. वडील रामजी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांनी सुट्टीत मुलांना बोलावलं. मुलांनी आगगाडी तोवर पाहिलेलीसुद्धा नव्हती. नवे कपडे शिवले, टांगा ठरवला, स्टेशन गाठलं, तिकिटं काढली. मसूरला उतरायचं होतं. वडिलांना आधी पत्र टाकलं होतं, पण ते त्यांच्या हातात पडलंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी आलं नाही.

संध्याकाळचे पाच वाजून गेले. गाडी निघून गेली, फलाट रिकामा झाला. कपड्यांवरून स्टेशनमास्तरला ही मुलं ब्राह्मणांची वाटली, म्हणून त्यानं आपुलकीनं चौकशी केली. ‘महार’ हा शब्द ऐकल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला आणि तो आत निघून गेला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या. या मुलांना गाडीत घ्यायला एकही गाडीवान तयार होईना, दुप्पट पैसे देतो म्हटलं तरी नाही. शेवटी तोडगा निघाला तो असा: गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान शेजारून चालणार, आणि भाडं दुप्पट. बरोबर डबा होता, पण पाणी कुणी देईना. रात्र टोलनाक्यापाशी काढून दुसऱ्या दिवशी ती मुलं गोरेगावला पोचली. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात हे सविस्तर लिहून ठेवलंय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा, फार मोठं नाही.

इथं एक गोष्ट बारकाईनं बघा. रेल्वेचं तिकीट मुलांना मिळालं, डब्यात बसता आलं, कुणी उतरवलं नाही. अडलं ते स्टेशनच्या बाहेर. कंपनीच्या नियमात जात नव्हती, पण कंपनीची हद्द फलाटाच्या कुंपणाला संपत होती आणि पुढे गावाचं राज्य सुरू होत होतं. स्टेशन गावापासून लांब असणं ही श्रीमंताला गैरसोय होती. ज्याला कुणी गाडीत घेत नाही त्याच्यासाठी ती गोष्टच वेगळी होती.

याच लांब पडलेल्या स्टेशनांनी दुसरीकडे नवी गावं जन्माला घातली, हेही सांगायला हवं. बेळगावहून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळची निवडुंगानं भरलेली माळजमीन दिली. कच्चं लोखंड रेल्वेनं यायचं, नांगर रेल्वेनं जायचे. पुढे स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं. कऱ्हाड स्टेशनच्या आसपास गाव नव्हतं, तिथं १९१६ मध्ये ओगल्यांचा काच कारखाना आला, प्रभाकर कंदील घरोघरी गेला आणि ओगलेवाडी वसली. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा इंजिनिअरिंगचा कारखाना निघाला. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले, तेव्हा मुख्यमंत्र्याला तसंच म्हणायचे. म्हणजे जुनी गावं रुळांपासून लांब राहिली आणि कारखाने रुळांपाशी आले. आपल्या भागातली कारखानदारी सातारा-कऱ्हाडच्या पेठांत न वाढता माळावर का वाढली, याचं अर्धं उत्तर इथं आहे. प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं जून १९४३ मध्ये पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली, तीसुद्धा शेणोलीजवळच्या आडरानात.

आता सांगलीकडे वळू. सांगली नदीच्या अलीकडेच, म्हणजे रुळांच्याच बाजूला आहे. तरी मुख्य मार्ग तिला टाळून मिरजेला गेला. मिरज जंक्शन झालं. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानानं मिरजेपासून स्वतःचा फाटा नेला, १९२७ मध्ये पंढरपूरकडून बार्शी लाईटची छोटी गाडी मिरजेत आली. हळद, गुळाचा व्यापार असलेली सांगली पाच मैलांवरून हे बघत बसली नाही. राजेसाहेब तेव्हा अल्पवयीन होते आणि कारभार प्रशासकाकडे होता. तरी १९०७ मध्ये संस्थानाच्या खर्चानं मिरज ते सांगली असा पाच मैलांचा मीटरगेज फाटा सुरू झाला, ‘सांगली स्टेट रेल्वे’. गाडी पार गावात यायची. आजचा स्टेशन चौक तो हाच. तिथं आता स्टेशन नाही, रूळ नाहीत. रिक्षावाल्याला ‘स्टेशन चौक’ म्हणालात तर तो चौकात सोडेल आणि ‘स्टेशन’ म्हणालात तर भलतीकडे. बाहेरचा पाहुणा हमखास फसतो.

१९७० च्या सुमारास पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला. सांगलीला मुख्य मार्गावर स्टेशन मिळालं, थेट मुंबईची गाडी मिळाली आणि गावातला फाटा गेला. साताऱ्याचं स्टेशन दहा मैलांवरून माहुलीपर्यंत जवळ आलं, पण नदीच्या पलीकडेच थांबलं. फायदा झाला यात वाद नाही. पण सांगलीकडे होती ती एक गोष्ट, गाडीतून उतरलं की बाजारपेठ, ती तेव्हा गेली आणि तिच्या बदल्यात काय द्यायचं हे कुणी ठरवलं नाही.

स्वीडनमधल्या माल्मो शहराचं उदाहरण देतो. लोकवस्तीनं ते आपल्या सांगली-मिरज-कुपवाडपेक्षा लहानच. समुद्रावरच्या पुलामुळे २००० पासून डेन्मार्कच्या कोपनहेगनहून तिथं थेट रेल्वे येऊ लागली, पण स्टेशन शहराच्या एका टोकाला. मग त्यांनी शहराखालून सुमारे सहा किलोमीटरचा बोगदा काढला आणि डिसेंबर २०१० मध्ये गाड्या शहराच्या पोटातून धावू लागल्या. मधल्या स्टेशनवर उतरून जिना चढलं की जवळच मोठं रुग्णालय. रेल्वेचं आणि शहर बसचं तिकीट एकच. आपण बोगदे काढावेत असं मी म्हणत नाही, तेवढा पैसा नाही आणि काळ्या खडकाशी कोण झगडणार! पण एकच तिकीट आणि गाडीच्या वेळेला लावलेली बस, याला खडक फोडावा लागत नाही.

मिरजेबद्दल एक आठवण राहिली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे इथूनच गेली, सुमारे ३४२ किलोमीटर, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मिरज-पंढरपूर नॅरोगेज जाऊन ब्रॉडगेज झाली होती त्याला तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. जुनी छोटी गाडी असती तर एवढं पाणी एका दमात गेलं नसतं. दुष्काळासाठी काढलेल्या कंपनीचा जुना हेतू सव्वाशे वर्षांनी असा पुरा झाला. त्या दिवसांत स्टेशनवर बघ्यांची गर्दी असायची.

आता मार्गाचं विद्युतीकरण झालंय, पुणे-मिरज दुहेरीकरण होत आलंय. सप्टेंबर २०२४ पासून कोल्हापूर-पुणे वंदे भारत मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, कऱ्हाड आणि सातारा इथं थांबते. गाड्या वाढतील, वेळ वाचेल. पुण्याहून येताना वाचलेला अर्धा तास माहुलीच्या स्टेशनबाहेर रिक्षाची घासाघीस करण्यात जाणार असेल, तर तो वाचला कुठे? रात्रीच्या गाडीनं एकटी उतरणारी मुलगी, मिरजेला तपासणीसाठी निघालेलं ओगलेवाडीचं म्हातारं जोडपं, यांना गाडीचा वेग किती हे विचारा. ते पुढच्या वाहनाचं विचारतील.

म्हणून पुढच्या वेळी खासदार, आमदार, नगरसेवक थांब्याचं निवेदन घेऊन फोटो काढायला उभे राहतील, तेव्हा त्यांना तीनच गोष्टी विचारा. सातारा, कऱ्हाड आणि सांगली स्टेशनवरून गावात जाणारी बस शेवटच्या गाडीपर्यंत असेल का? तिची वेळ गाडीच्या वेळेशी जुळवणार का? आणि रिक्षाचं भाडं फलाटावर पाटी लावून लिहिणार का? उत्तर काय मिळालं ते मला कळवा, नावानिशी छापतो.