ब्युलेंत एजेवित
ब्युलेंत एजेवित (२८ मे, इ.स. १९२५, इस्तंबूल – ५ नोव्हेंबर, इ.स. २००६, अंकारा) हे तुर्कस्तानचे सामाजिक लोकशाहीवादी राजकारणी, कवी व पत्रकार होते. ते चार वेळा पंतप्रधान झाले. गीतांजलीचा तुर्की अनुवादही त्यांनी केला.

कामगारमंत्री असताना १९६३ साली त्यांनी संपाचा व सामूहिक वाटाघाटींचा हक्क देणारे कायदे संमत करून घेतले. कामगारवर्गातील त्यांच्या लोकप्रियतेचा पाया तोच. १९७२ मध्ये इस्मेत इनोनू यांच्यानंतर ते रिपब्लिकन पीपल्स पक्षाचे अध्यक्ष झाले. १९७४ मध्ये त्यांच्याच सरकारने सायप्रसमध्ये सैन्य उतरवले.

१९८० च्या लष्करी उठावानंतर त्यांच्यावर राजकारणबंदी आली. त्यामुळे १९८५ मध्ये डेमोक्रॅटिक लेफ्ट पक्षाची स्थापना पत्नी राहशान यांनी केली. १९९९ मध्ये हा पक्ष सर्वांत मोठा ठरला. परंतु २००१ च्या आर्थिक संकटानंतर, २००२ च्या निवडणुकीत, त्याला जेमतेम १.२% मते मिळाली.