प्रकार-विसंगती (डेटाबेस ते ऑब्जेक्ट)

डेटाबेस क्वेरीचे फलित ऑब्जेक्टमध्ये भरताना स्तंभाचा प्रकार व ऑब्जेक्टमधील चलाचा प्रकार न जुळल्याने उद्भवणारा दोष. सर्वाधिक चकवणारे उदाहरण सी-शार्पमधले. एसक्यूएल सर्व्हरमधील स्तंभ ‘बिगइंट’, म्हणजे 64 बिटांचा पूर्णांक असेल आणि क्वेरीचे फलित वाचून देणाऱ्या रीडरमधून येणारे त्याचे मूल्य थेट 32 बिटांच्या ‘इंट’मध्ये कास्ट केले, तर ते मूल्य अवघे 5 असले तरी प्रोग्रॅम थांबतो. रीडर ते ‘ऑब्जेक्ट’ म्हणून बंदिस्त करून देतो आणि ते नेमक्या मूळ प्रकारातच उघडता येते. संख्या लहान असण्याला येथे महत्त्व नाही. त्रुटीसंदेशात स्तंभाचे नाव नसते, ही खरी अडचण. म्हणून रीडरचे ‘गेटफील्डटाइप’ वापरून प्रत्येक स्तंभाचा प्रत्यक्ष प्रकार छापून पाहावा. टेबलाच्या रचनेवरून अंदाज बांधणे धोक्याचे: पोस्टग्रेसमध्ये ‘इंटिजर’ स्तंभाची बेरीज ‘बिगइंट’ येते, तर ‘बिगइंट’ची ‘न्यूमरिक’.

नल, म्हणजे नोंदवलेच नसलेले मूल्य अधिक घातक. सी-शार्पमध्ये ‘डीबीनल’ पूर्णांकात कास्ट करताना निदान त्रुटी तरी येते. जावाच्या जेडीबीसीतील ‘गेटइंट’ मात्र नलऐवजी मुकाट्याने 0 देते. लगेच ‘वॉजनल’ तपासले नाही, तर, उदाहरणार्थ, खात्यात शिल्लक शून्य आहे की ती नोंदवलीच नाही, हे कळत नाही. अशा चुकीपेक्षा उघडपणे बंद पडणारा प्रोग्रॅम केव्हाही बरा.

नोड-जेएसमधील पोस्टग्रेस ड्रायव्हर ‘बिगइंट’ मुळातच मजकूर म्हणून देतो, कारण जावास्क्रिप्टची साधी संख्या 9007199254740991 पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने अचूक ठेवते. रूपांतर न करता अशा ‘5’ मध्ये 1 मिळवल्यास उत्तर 51 येते.